अजगराचे पाय

आप्पा, परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. सहा जण बोलले. हेडमास्तर म्हणाले, आत्माराम मास्तरांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाचंही मन दुखावलं नाही. लोकांनी माना हलवल्या. मी शेवटच्या बाकावर होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि उभं राहून दोन शब्द बोला असं कोणी म्हणालंही नाही. त्या वाक्यानंतर मला तिथे बसवेना. बाहेर आलो, चपला पायात घातल्या आणि स्टेशनचा रस्ता धरला.

तुम्ही गेल्याचं मला रनाळ्याच्या एका गाडीवानाने सांगितलं. तो नवापूरला आमच्या डेपोत सागाचे वासे न्यायला आला होता. दोर आवळता आवळता म्हणाला, "आमना गावना आत्माराम मास्तर गयात. हिवतापमा." लढाई सुरू झाल्यापासून क्विनीनची गोळी मिळेनाशी झाली आहे, ती तुमच्यासाठीही मिळाली नाही. मी हातातली मोजणीची फळी खाली ठेवली. मला आधी राग आला. रडू नंतर आलं, तेही थोडंच. राग याचा, की आपलं भांडण अर्धं राहिलं होतं आणि तुम्ही ते तसंच टाकून निघून गेलात. मागे एकदा डेपोत असंच केलं होतंत, आता दुसऱ्यांदा.

लोक तुमच्याबद्दल काहीही बोलोत, मी तुम्हाला सगळ्यांत जास्त ओळखत होतो. निदान तीन वर्षं तरी.

मी नंदुरबारच्या त्या शाळेत आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. डोंगरातली पंधरा-वीस मुलं शाळेत येऊ लागली होती, त्यांची बोली कळणारा एक शिक्षक ठेवा असं कोणा सरकारी साहेबाने सुचवलं, म्हणून शाळेच्या कमिटीने मला घेतलं. याकोब गावित, नवापूरकडचा ख्रिस्ती, तीन इयत्तांना गणित आणि शुद्धलेखन. पहिल्याच दिवशी शिपायाने मला व्हरांड्याच्या टोकाला एक खिळा दाखवला. त्या खिळ्याला एक जर्मन धातूचा गडू टांगला होता. तहान लागली की तो गडू घ्यायचा, शिपायाला हाक मारायची, आणि तो वरून पाणी ओतणार. शिक्षकांच्या खोलीत तांब्याचं पिंप होतं, त्याला मी हात लावायचा नाही. डोंगरातल्या मुलांना वेगळं मडकं होतं. मी मास्तर म्हणून मला मडक्याऐवजी गडू, एवढाच माझा मान.

तुम्ही मला पहिल्यांदा हाक मारलीत ती हाडांसाठी. तुमच्या वर्गाच्या मागच्या कपाटात एक देवदारी खोकं होतं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं. पुण्याला कॉलेजात असताना तुम्हाला हा नाद लागला होता. नंदुरबारात तुमच्या त्या नादाला विचारणारं कोणी नव्हतं. तुम्ही टेबलावर चार पुड्या सोडल्यात आणि म्हणालात, "मोजा, गावित मास्तर."

मी मोजलं. पहिला बगळ्याचा पंख. दुसरा वटवाघळाचा, चिंचेखाली मरून पडलेल्या. तिसरा बैलाचा पुढचा पाय, चौथा कुत्र्याचा. वर एक हाड. त्याखाली दोन. मग खड्यांसारखी बारीक हाडं. मग बोटं. वटवाघळाची बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांब झालेली. बैलाची दोन हाडं एकमेकांना चिकटून गेलेली, आणि बोटं फक्त दोनच उरलेली, खुरात दडलेली. पण क्रम तोच.

"आता स्वतःचा हात चाचपा," तुम्ही म्हणालात.

मी चाचपला. दंडात एक, कोपराखाली दोन.

मी जनावरं कापलेल्या घरातला माणूस आहे, आप्पा. माझा बाप शिकारी होता. ही सगळी हाडं मी लहानपणापासून पाहिली होती, चोखली होती, कुत्र्यांपुढे टाकली होती. ती सारखी आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही मला माझ्याच ताटातली गोष्ट दाखवलीत. त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी रागातच लिहितो आहे, कारण हे ऋण नसतं तर मी तुम्हाला केव्हाच विसरलो असतो.

तुम्ही विचारलंत, "उडायला पंख, पळायला पाय, धरायला हात. कामं सगळी वेगळी. मग सांगाडा एकच का?"

मी म्हणालो, देवाने एकच साचा वापरला असेल.

"वापरला असेल. पण मग बैलाला न लागणारी हाडं चिकटवून कशाला ठेवली? नवीन घर बांधणारा माणूस जुन्या दाराची चौकट भिंतीत कशाला गाडून ठेवील? जुन्याच घरात फेरफार करत गेलं, की असं होतं."

मला ते पटलं नाही. आठवडाभर मी तुमच्याशी वाद घातला. मग पावसाळ्यानंतर मी सुट्टीत घरी गेलो असताना लाकूडतोड्यांनी ओढ्याजवळ एक अजगर मारला. मी त्याची शेपटी उलटी केली. मागच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक नखी. आमच्याकडे ही नखी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजाने असलीच एक दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली होती. पण ती तिथे का असते हे आमच्यात कोणी विचारलं नव्हतं. मी तो मागचा भाग मिठात घालून, पोत्यात बांधून तुमच्याकडे आणला. गाडीत लोक नाकाला फडकी लावून बसले होते.

शाळेच्या मागच्या अंगणात आपण दोन रविवार तो भाग उकळला. शेजारच्या बायांनी आरडाओरडा केला. मांस सुटलं तेव्हा नखीच्या आत मांडीच्या हाडाचा तुकडा निघाला, आणि त्याच्या वर कमरेच्या हाडाची बारीक काडी. पाय नसलेल्या प्राण्याच्या पोटात पायाची हाडं. तुम्ही ती हातावर घेऊन उन्हाकडे धरलीत. मग अहिराणीत बोललात. मनातलं काही निघालं की तुमची पुस्तकी मराठी सुटायची.

"याकोब, ह्याना आजा-पणजा चालेत. चार पायवर चालेत."

गावित मास्तरचा मी त्या दिवशी याकोब झालो. आणि त्या संध्याकाळी तुम्ही मला रनाळ्याला घरी जेवायला नेलंत. काकूंनी सगळ्यांबरोबर माझं पान मांडलं. मी बाहेर बसायला लागलो तर तुम्ही माझा दंड धरून मला आत ओढलंत. तुमच्या घरात पुढची अडीच वर्षं मला कोणी कधी वेगळं ताट दिलं नाही. म्हणूनच मी तुमच्यावर विश्वास ठेवला. घरात एक आणि शाळेत दुसरं असा माणूस असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं मला अजून येतं. पहिल्यांदा मी चुकीचंच समजायचो. उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत जळतं, जमीन काळी पडते, आणि असं वर्षानुवर्षं जळणाऱ्या डोंगरावर नाकतोडेही काळपटच जास्त दिसतात. मी म्हणालो, जीव वाचवायचा म्हणून त्यांनी रंग बदलला. तुम्ही मान हलवलीत.

"नाकतोड्याला काय कळतंय? सगळे थोडे थोडे वेगळे जन्मतात. कोणी हिरवा, कोणी मातकट, कोणी काळसर. काळ्या जमिनीवर हिरवा पाखरांना आधी दिसतो. तो गेला. काळसर राहिला, त्याची पिल्लं झाली, बापासारखी. असं दर पिढीला. तुमच्याकडे लोक ज्वारीची चांगली कणसं बियाण्याला निवडून ठेवतात ना? इथे निवडणारं कोणी नाही, तरी निवड होते."

"मग किती पिढ्या लागतील, सापाचे पाय जायला?"

"तुला आणि मला मोजता येणार नाहीत इतक्या."

आणि मग तुम्ही खडूने फरशीवर ते झाड काढलंत. मी तोवर समजत होतो की जनावरांची शिडी असते. खाली गांडूळ, वर माकड, सगळ्यांत वर माणूस. तुम्ही शिडी पुसून टाकलीत. एक बुंधा काढलात, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. म्हणालात, आज जिवंत असलेले सगळे डहाळ्यांच्या टोकाची पानं आहेत. पाल आपल्या खाली नाही, ती दुसऱ्या फांदीवर आहे. माणूस आजच्या वानरापासून झालेला नाही, वानर त्याचा चुलतभाऊ आहे, दोघांचा आजा एक. दोन फांद्या कुठे फुटल्या ते मागे जाऊन शोधायचं, जितका फाटा जवळचा तितकं नातं जवळचं.

मी विचारलं, "मग वर कोण?"

"वर कोणीच नाही."

"आणि माणसांत? तुमची फांदी आणि आमची?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "माणसांत फांद्याच नाहीत, याकोब. एकाच डहाळीवरची पानं आहोत आपण. तुझ्या-माझ्यात जेवढा फरक, तेवढाच माझ्यात आणि रनाळ्याच्या माझ्या सख्ख्या शेजाऱ्यात निघेल."

हे तुमचे शब्द आहेत. मी एकही बदललेला नाही. मी घरी जाऊन ते वहीत उतरवून ठेवले होते. तुम्हाला ते पुढे आठवेनासे झाले, म्हणून सांगतो.

मग तो गुरुवार. तुम्ही सातवीच्या वर्गाला हाडं दाखवत होतात. मला शेजारच्या वर्गातून बोलावून घेतलंत. तुम्ही तुमच्या सदऱ्याची बाही वर सारलीत, मला माझी सारायला सांगितलीत, आणि दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत, बगळ्याच्या पंखाच्या खाली. चाळीस मुलं पुढे वाकून बघत होती. एकाने विचारलं, "सर, दोन्ही हात एकच शेतस?" तुम्ही म्हणालात, "एकच. शंका असेल तर येऊन चाचप." तो आला आणि त्याने माझा हात चाचपला. वाण्याचा मुलगा होता. त्याआधी त्या शाळेत मला मुद्दाम कोणी शिवलं नव्हतं.

हे मी ठरवून केलं नव्हतं, आप्पा, हे तुम्ही तरी खरं मानायला हवं होतं. मला तहान लागली होती. वर्ग सुटल्यावर मी तुमच्या मागे शिक्षकांच्या खोलीत आलो, पिंपाचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि पाणी प्यालो. मला वाटलं, जे आत्ता चाळीस मुलांसमोर सिद्ध झालं, त्याचाच हा पुढचा भाग आहे. खोलीत चार मास्तर होते. एकाने पिंप उचलून अंगणात उपडं केलं. तुम्ही खिडकीपाशी उभे होतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी समजलो, तुम्ही उद्या बोलाल.

शनिवारी कमिटी बसली. अध्यक्ष, दोन सभासद, हेडमास्तर, तुम्ही आणि मी. तुम्ही सगळे खुर्च्यांवर, मी दाराशी उभा. अध्यक्ष तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना ते प्रकरण लवकर मिटवायचं होतं.

"मास्तर," त्यांनी तुम्हाला विचारलं, "तुम्ही वर्गात सांगितलं का, की आपण आणि हे लोक एकच?"

"मी जनावरांची हाडं दाखवली."

"ह्यांचा हात दाखवला म्हणतात."

"उदाहरण म्हणून."

"मग ह्यांनी पिंपाला हात लावला तो तुमच्या सांगण्यावरून?"

"नाही, नाही. गावित मास्तरांचा गैरसमज झाला."

"म्हणजे ते खरं नाही? सगळे एकाच झाडाचे वगैरे?"

तुम्ही टेबलावरच्या कापडाकडे बघत होतात. मी तुमच्याकडे बघत होतो. मला अजून वाटत होतं की तुम्ही मान वर कराल.

"पुस्तकातला एक तर्क आहे," तुम्ही म्हणालात. "सिद्ध असं काही नाही. माणसांना तो लागू करायचा नसतो."

एवढंच. तीन वाक्यं. मला त्याच दिवशी काढलं. तुम्हाला समज दिली आणि सातवीचा तो तास बंद केला. तुम्ही दारातून माझ्या शेजारून गेलात तेव्हा तुमच्या सदऱ्याची बाही माझ्या दंडाला लागली, आणि तुम्ही ती ओढून घेतलीत. कदाचित घाईत असेल. मी त्यावर आठ वर्षं विचार केला आहे आणि अजून मला ठरवता आलेलं नाही.

नवापूरला घरी गेलो तर बातमी आधीच पोचली होती. मिशनच्या शाळेत एक जागा होती. पाद्रीसाहेबांनी मला बोलावलं. त्यांनी प्रेमाने विचारलं, मी बसलो तेव्हा पाणी दिलं, आणि मग म्हणाले, "देवाने प्रत्येक प्राणी वेगळा घडवला, आणि दुसरं जे तू त्या शाळेत शिकलास ते चूक होतं, एवढं चर्चमध्ये मंडळीसमोर म्हण. जागा तुझी."

मला ती जागा हवी होती. बायको गरोदर होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि कसं बोलायचं ते मी तुमच्याकडून नुकतंच ऐकलं होतं. पुस्तकातला एक तर्क आहे. सिद्ध काही नाही.

मी म्हणालो, "साहेब, मी देवाला नाकारलेलं नाही. पण अजगराचे पाय मी पाहिलेत."

जागा मिळाली नाही. लाकडाच्या डेपोत मोजणीला लागलो, तिथेच आहे. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही, त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नव्हती आणि तिचं बरोबर होतं. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की ते वाक्य न बोलणं शक्य होतं. तुम्ही शिकवलेल्या माणसाला ते शक्य झालं. मग तुम्हाला का नाही?

तुम्ही दोन वर्षांनी डेपोत आलात. तुम्हाला आठवत असेल, मी ओंडक्यांवर खडूने आकडे घालत होतो. तुम्ही बराच वेळ फाटकाशी उभे होतात. काकूंनी दिलेली शेवेची पिशवी हातात होती. मला वाटलं, माफी मागायला आलात. तुम्ही वाद घालायला आला होतात.

"हे बघ याकोब," तुम्ही म्हणालात, "शास्त्र जे आहे ते सांगतं. माणसाने कसं वागावं ते सांगत नाही. वाघ हरणाचा नातेवाईक आहे, म्हणून तो हरीण खायचं सोडत नाही. नात्यावरून न्याय निघत नाही. पिंपाचा प्रश्न वेगळा होता. तू दोन गोष्टींची गल्लत केलीस."

तुमचा मुद्दा बरोबर आहे, आप्पा. मी त्यावर पुष्कळ विचार केला. निसर्गात काय आहे त्यावरून माणसाने काय करावं हे आपोआप निघत नाही. सगळे मुळात वेगळे असते, तरीही मला तहान लागल्यावर पाणी द्यायला हवंच होतं. त्यासाठी हाडं मोजायची गरज नव्हती. हे मी तेव्हाच मान्य केलं असतं.

पण कमिटीने तुम्हाला न्यायाचं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, हे खरं आहे की नाही. तुमच्याच शास्त्राचा प्रश्न होता. आणि तुम्ही खोटं बोललात. मी हे डेपोत तुम्हाला म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मन्ह्या दोन पोरी शेतस, याकोब. लगननी वय व्हयनी. नोकरी गयी असती तर कोन करतं त्यास्ना इचार?"

"मग तसं सांगा," मी म्हणालो. "घाबरलो म्हणा. वाघ आणि हरीण कशाला मध्ये आणता?"

तुम्ही पिशवी ओंडक्यावर ठेवलीत आणि निघून गेलात. शेव आम्ही खाल्ली. मुलीला आवडली. त्यानंतर मी तुम्हाला पाहिलं नाही.

मला पुढचं कळत राहिलं. डोंगरातली मुलं त्या शाळेतून यायची, मी त्यांना विचारायचो, आत्माराम मास्तर काय शिकवतात? फुलाचे भाग, ती म्हणायची. पाकळी, पुंकेसर, स्त्रीकेसर. पानाचे प्रकार. पुढच्या वर्षी विचारलं, फुलाचे भाग. त्याच्या पुढच्या वर्षी, फुलाचे भाग. आठ वर्षं तुम्ही फुलाचे भाग शिकवलेत. त्या अख्ख्या भागात हे सांगू शकणारा एक माणूस होता, आणि त्याने आठ वर्षांत हाताखालून गेलेली सगळी मुलं पाकळ्या मोजायला लावून घरी पाठवली. माझी नोकरी गेली हे मी विसरू शकतो. हे मला विसरता येत नाही. मला काढलं तेव्हा निदान ते सगळं तुमच्याकडे सुरक्षित आहे असं मी धरून चाललो होतो.

म्हणून शोकसभेतून मी रनाळ्याला गेलो. घरापाशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. काकू ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमची थोरली, कमल, शहाद्याहून आली होती, तिचं धाकटं मूल मांडीवर झोपलं होतं. काकूंनी मला लगेच ओळखलं.

"आते कसाले उनात?" त्या म्हणाल्या. "आठ वरीस तोंड दखाडं नही."

मी खाली बसलो. काय सांगावं ते सुचेना. त्याच पुढे म्हणाल्या, "त्या माले सांगेत, याकोब सोताच नोकरी सोडी गया. त्याले आपली गरज नही ऱ्हायनी."

आप्पा, हे तुम्ही घरी सांगितलंत? ज्या घरात मी अडीच वर्षं जेवलो, तिथे मी कृतघ्न ठरलो होतो, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. शोकसभेत बसून जो राग आला होता तो यापुढे काहीच नव्हता. मी तिथून उठून निघून यायला हवं होतं. घरात सुतक होतं. समोर बसलेली बाई पाच दिवसांपूर्वी विधवा झाली होती.

मी सांगितलं. फरशीवरचं झाड, एकाच डहाळीची पानं, पिंप, कमिटी, तुमची तीन वाक्यं, पाद्रीसाहेब, डेपो, शेव. आवाज चढवला नाही. पण काही गाळलंही नाही. मुलींच्या लग्नाचं तुम्ही बोललात तेही सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या उठल्या, हाताने भिंत धरत आत गेल्या. कमल मुलाच्या अंगावरच्या माश्या वारत होती. तिचा हात थांबला.

"मन्हा लगीनसाठे?" ती म्हणाली. "माले कोनी इचारं व्हतं?"

मी म्हणालो, "तू तेव्हा लहान होतीस."

"बारा वरीसनी व्हतू. माले समजे."

थोड्या वेळाने तिची धाकटी बहीण बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माय सांगस, तेराव्याले येऊ नका."

मी चपला घातल्या. मला वाईट वाटलं, आप्पा. खरं सांगतो, सांगून टाकल्याने हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. काकूंच्या मनात तुम्ही जे होतात त्याला मी पाचव्या दिवशी हात घातला. त्यांनी मला दार बंद केलं, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. तुमच्यासारखं मला तर्क, गैरसमज असं म्हणता येत नाही.

गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली. कमल होती, मूल कडेवर. धापा टाकत होती.

"तुम्ही सांगं ते," ती म्हणाली. "सगळा एक डहाळीवरला. ते खरं शे?"

"खरं आहे."

"आप्पास्ले माहीत व्हतं? का त्यास्ले भी शंका व्हती?"

इथे मला तुम्हाला वाचवता आलं असतं. शंका होती म्हणालो असतो, तर तुमचं खोटं थोडं कमी खोटं झालं असतं, आणि मुलीला बाप परत मिळाला असता.

"माहीत होतं," मी म्हणालो. "त्यांनीच मला शिकवलं."

"पक्कं माहीत व्हतं?"

"पक्कं."

तिने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती शेतांकडे बघत होती, आणि मग हळूच, मला नव्हे, जणू तुम्हालाच विचारत असल्यासारखी म्हणाली, "मंग आठ वरीस त्यास्ले झोप कशी लागे?"

मी सांगितलं, मला माहीत नाही.

खरंच माहीत नाही, आप्पा. तुम्ही का खोटं बोललात, कोणाला घाबरलात, मला काय केलंत, हे मी तुम्हाला तोंडावर आणि मनात शंभर वेळा विचारलं. तुम्हाला झोप लागते का हे मी एकदाही विचारलं नाही. डेपोत तुम्ही फाटकाशी इतका वेळ उभे होतात तेव्हा विचारता आलं असतं. मला ते सुचलं नाही, ते तुमच्या मुलीला सुचलं. आणि आता तिला उत्तर द्यायला तुम्ही नाहीत. याचाही मला राग आहे, आणि हा राग कोणावर काढायचा ते मला कळत नाही.